मोठ्या झालेल्या मुलाला बायपोलर असेल, तर आईवडिलांनी धीर द्यायचा कसा?

"लहान असता तर हाताला धरून डॉक्टरकडे नेला असता. आता तीस वर्षांच्या पोराला काय सांगायचं?" बायपोलर आजार असलेल्या तरुण मुलामुलींचे आईवडील वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारत असतात. शिकलेलं, कधीकाळी पुण्यात नोकरी करणारं पोर परत सोलापुरात येऊन घरी बसतं. शेजारी विचारतात, सध्या काय करतो? घरात कुणी म्हणतं लाडाने बिघडवलं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. आणि ज्याला आजार आहे तो मात्र मोठा माणूस आहे. त्याला मत आहे, राग आहे, बँकेत खातं आहे.

अशा मुलाला धीर देणं हे लहान मुलाला समजावण्यापेक्षा वेगळं काम आहे. ते नेमकं कसं करायचं, त्यात आजाराचा, औषधाचा, सोलापूरच्या उन्हाळ्याचा आणि कायद्याचा काय संबंध येतो, ते पाहू.

आजार नेमका काय आहे?

मूड सगळ्यांचाच खालीवर होतो. बायपोलरमध्ये तो आठवडेच्या आठवडे एका टोकाला जाऊन बसतो. एका टोकाला उन्माद असतो, ज्याला डॉक्टर मॅनिया म्हणतात. माणूस दोन-तीन तास झोपतो तरी थकत नाही, भराभर बोलतो, डोक्यात एकामागून एक योजना येतात, पैसा उधळला जातो, कुणी अडवलं की भडका उडतो. काहींना आपल्याला दैवी शक्ती मिळाल्याचीही खात्री वाटू लागते. ही अवस्था आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकली, तर तो मॅनिया धरतात. याचंच सौम्य रूप म्हणजे हायपोमॅनिया. ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही, उलट 'आता कसा छान कामाला लागला' असं वाटतं. दुसऱ्या टोकाला नैराश्य असतं. आजाराचा जास्त काळ बहुतेकांना याच टोकाला काढावा लागतो.

सुरुवात साधारणपणे पंधरा ते पंचवीस या वयात होते. म्हणजे बारावी, कॉलेज, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, सगळं ऐन रंगात असताना. त्यामुळे पहिली काही वर्षं 'वयाचा परिणाम', 'संगत', 'प्रेमभंग' यातच जातात. रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरकडे जातो तो बहुतेक वेळा नैराश्यात असताना. आधीच्या उन्मादाबद्दल कुणी सांगितलंच नाही, तर साधं नैराश्य समजून औषध सुरू होतं, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी बायपोलरचा रुग्ण उन्मादात जाऊ शकतो. म्हणून आईवडिलांच्या आठवणीला इथे फार किंमत आहे. 'तीन वर्षांपूर्वी दिवाळीत हा चार रात्री झोपला नव्हता आणि दोन मोबाइल विकत घेऊन आला होता' हे वाक्य डॉक्टरला एखाद्या तपासणीइतकं उपयोगी पडतं.

आजार दुर्मीळ नाही. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, पण आकडा आपल्यालाही अंदाज देतो. आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्या प्रौढांचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. त्यातले सहा लाख प्रौढ धरले, तरी हिशेब तीन हजारांच्या आसपास जातो. याच सर्वेक्षणात असंही दिसलं, की हा आजार असलेल्या साधारण ७० टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते.

घरातल्या बोलण्याचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा जिवाला लावून घेतलेली अती काळजी होती, तिथले रुग्ण लवकर पुन्हा आजारी पडत होते. हे काम स्किझोफ्रेनियावर झालं होतं, पण पुढे बायपोलरमध्येही हेच आढळलं. त्यातूनच अमेरिकेत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनी बायपोलर रुग्णांच्या कुटुंबांसाठी वेगळी उपचारपद्धती तयार केली. आजार समजून घेणं, बोलण्याची पद्धत बदलणं आणि अडचणी एकत्र बसून सोडवणं हे तिचे तीन भाग. औषधांच्या जोडीला ती दिली, की पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण कमी होतं असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं.

याचा अर्थ आईवडिलांमुळे आजार होतो असा मुळीच नाही. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि कुणाच्या वळण लावण्याने तो होत नाही की टळत नाही. घराचा परिणाम होतो तो आजार किती वेळा परत येतो यावर.

यातली 'अती काळजी' आपल्याकडे टीका म्हणून कुणी ओळखतच नाही. तीस वर्षांच्या मुलाच्या ताटात भाकरी कुस्करून देणं, त्याचा फोन तपासणं, पाहुण्यांसमोर 'त्याला काही सांगू नका, त्याची तब्येत नाजूक आहे' म्हणणं. हेतू मायेचाच असतो. पण त्यातून मुलाला कळतं ते एवढंच, की घरात आपल्यावर कुणाचा भरवसा उरलेला नाही.

नैराश्यात काय बोलावं?

'मनावर घेऊ नको', 'उठ, जरा सिद्धेश्वरला जाऊन ये, फ्रेश वाटेल', 'तुझ्या वयाचे पोरं घर घेऊन बसले', 'तुला कमी काय आहे?' ही वाक्यं प्रेमापोटीच येतात. ऐकणाऱ्याला मात्र ती हिशेब मागितल्यासारखी वाटतात. बायपोलरच्या नैराश्यात अंग जड होतं, बारा-चौदा तास झोप येते, आंघोळीला उठणंसुद्धा डोंगर चढल्यासारखं वाटतं. त्याला आळस म्हटलं, की तो स्वतःबद्दल आधीच जे वाईट बोलत असतो त्याला आपण दुजोरा देतो.

मोठ्या उपदेशापेक्षा लहान, ठोस वाक्यं चालतात. "चहा ठेवलाय, गच्चीत बसून घेऊ या का?" "आज नको वाटतंय का? बरं. मी इथेच आहे." "मागच्या वेळीही असंच झालं होतं, दोन महिने लागले होते, मग कमी झालं होतं." हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, कारण नैराश्यात मागचं बरं झालेलं आठवत नाही. ते आठवण्याचं काम घरच्यांनी करायचं. आश्वासन मात्र खोटं देऊ नये. 'आठवड्यात ठीक होशील' म्हटलं आणि झालं नाही, की पुढच्या वेळी शब्दाला वजन राहत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायला आईवडील घाबरतात. बायपोलर असलेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण सर्वसामान्यांच्या तुलनेत २० ते ३० पट सांगितलं जातं. मुलगा 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास आहे' असं बोलू लागला, वस्तू वाटू लागला, अचानक निरवानिरवीची भाषा करू लागला, तर सरळ विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' आलं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली कीटकनाशकं, गोळ्यांचे साठे आपल्या ताब्यात घ्यायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं आणि रुग्णाऐवजी आईवडिलांनी केला तरी चालतो.

उन्मादात काय करावं?

इथे समजूत घालण्याचा उपयोग जवळपास नसतो. मुलगा म्हणतो, 'मी चादरींचा एक्स्पोर्ट सुरू करतोय, दोन महिन्यांत कोटी रुपये.' वडील म्हणतात, 'तुला अक्कल आहे का?' आणि तिथून भांडण मध्यरात्रीपर्यंत जातं. वाद जिंकायचा प्रश्नच नाही, कारण त्या वेळी त्याचा मेंदू शंका घेण्याच्या अवस्थेत नसतो. आवाज खाली, वाक्यं छोटी, घरात माणसं कमी, टीव्ही बंद. योजनेला हो किंवा नाही न म्हणता "ऐकलं. दोन दिवसांनी कागदावर मांडू. आधी आज झोप" एवढंच. आणि डॉक्टरला फोन. उन्मादात रुग्णाला आपण आजारी आहोत हे वाटत नाही, म्हणून 'तो स्वतः म्हणेल तेव्हा नेऊ' हे धोरण इथे टिकत नाही.

त्या काळात जे अपमान होतात, ते आईवडिलांच्या मनात वर्षानुवर्षं राहतात. ते साहजिक आहे. पण बरं झाल्यावर मुलगाही त्याच आठवणींनी खजील असतो, आणि उन्मादानंतरचं नैराश्य बऱ्याचदा या खजीलपणातच खोल जातं. उधळलेल्या पैशांचा विषय काढायचाच असेल, तर तो सावरल्यावर, एकदाच, आणि 'पुढच्या वेळी काय करायचं' या अंगाने काढावा.

खरं काम मधल्या बऱ्या दिवसांत

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच काळाकडे होतं. मुलगा बरा असतो म्हणून घर सुटकेचा श्वास घेतं आणि आजाराचं नावही काढत नाही. किंवा मग उलटं होतं: तो जरा मोठ्याने हसला, नवीन शर्ट आणला, मित्रांबरोबर उशिरापर्यंत थांबला, की लगेच "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न काळजीचा आहे, पण दिवसातून चारदा विचारला की तो टोमणा होतो. आपला प्रत्येक आनंद घरच्यांना आजार वाटतो, हे कळल्यावर माणूस आनंद लपवायला शिकतो. आणि मग खरी लक्षणंही लपवतो.

हसण्याकडे पाहू नका, झोपेकडे पाहा. एखादी रात्र जागून दुसऱ्या दिवशी तो पेंगत असेल, तर ते नेहमीचं जागरण आहे. दोन-तीन रात्री तीन तास झोपूनही ताजातवाना असेल, त्यासोबत बोलणं वाढलं असेल, पैसे मागणं वाढलं असेल, तर ते वेगळं आहे. ही धोक्याची चिन्हं कोणती, हे बऱ्या दिवसांत त्यालाच विचारून लिहून घ्यावं. प्रत्येकाची वेगळी असतात. कुणी अचानक जुन्या मित्रांना फोन लावतो, कुणी पहाटे तीनला घर आवरायला काढतो, कुणी दहा देवळं फिरतो. "असं दिसलं तर मी तुला काय म्हणू? आणि तू ऐकलं नाहीस तर कुणाला फोन करू?" याची उत्तरं त्याच्या तोंडून आलेली असली, की पुढे हाच कागद कामाला येतो. तेव्हा आई त्याच्या विरुद्ध उभी राहत नाही, त्यानेच सांगून ठेवलेलं करते.

काम हा दुसरा मोठा विषय. पूर्वीच्या पगाराची, पूर्वीच्या पदाची नोकरी लगेच मिळावी हा हट्ट दोघांनाही महागात पडतो. दिवसाची, ठरावीक वेळेची नोकरी रात्रपाळीच्या मोठ्या पगारापेक्षा बरी. पाळ्या बदलणारी कामं, मग ती पुण्यातल्या कॉल सेंटरची असोत की इथल्या यंत्रमागावरची, या आजाराला मानवत नाहीत. अर्धा दिवस दुकानावर बसणं, शिकवण्या घेणं, नात्यातल्या कुणाच्या ऑफिसात हिशेब पाहणं, यातून सुरुवात झाली तरी ती सुरुवातच आहे. लेखिका अपर्णा पिरामल राजे यांनी स्वतःच्या बायपोलरवर २०२२ मध्ये 'केमिकल खिचडी' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. औषधं आणि समुपदेशन यांच्या बरोबरीने कुटुंब, मित्र आणि काम यांनाही त्या उपचारातच धरतात. सगळ्यांकडे त्यांच्यासारखी साधनं नसतात हे खरं, पण कामाला उपचारात धरायला साधनं लागत नाहीत.

लिथियम, मीठ आणि सोलापूरचा उन्हाळा

बायपोलरवर आज अनेक औषधं आहेत, पण लिथियमची जागा अजून कुणी घेतलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उपयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण ५१ वर्षांचा होता आणि पाच वर्षं उन्मादात होता. तो काही महिन्यांत बरा होऊन जुन्या कामावर परत गेला. मग त्याने औषध सोडलं, आजार उलटला. पुढे पुन्हा सुरू केलेल्या लिथियमची विषबाधा होऊन १९५० मध्ये तो दगावला, कारण रक्तातली पातळी मोजायची सोय तेव्हा नव्हती. आज ती सोय आहे, आणि म्हणूनच हे औषध सुरक्षितपणे देता येतं. आत्महत्येचा धोका कमी करतं असा सर्वांत भक्कम पुरावा याच औषधाचा आहे. ते स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.

लिथियमची अडचण एकच. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात आणि १.५ च्या वर गेली की धोका सुरू होतो. रक्त रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. त्यासोबत मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्याही ठरावीक काळाने कराव्या लागतात.

आता सोलापूरचा मुद्दा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो. घामातून पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि गोळी तेवढीच असूनही रक्तातली पातळी वाढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी तसंच. म्हणून उन्हाळ्यात भरपूर पाणी, ताक, जेवणात नेहमीइतकं मीठ. रक्तदाबासाठी कुणी अचानक 'मीठ बंद' सांगितलं, तर त्या डॉक्टरांना लिथियम चालू असल्याचं सांगावं. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक उपवास, रमजानचे रोजे यांच्याबद्दल आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारावं. देवाधर्माला हरकत कुणी घेत नाही, पण पाण्याचा आणि गोळीच्या वेळेचा हिशेब बसवावा लागतो.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून सहज आणल्या जातात, आणि त्या लिथियमची पातळी वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोबडं बोलणं, उलट्या-जुलाब, गुंगी ही विषबाधेची लक्षणं आहेत. ती दिसली तर पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्यावं. 'डोक्याच्या गोळ्यांनी सुस्ती आलीय, झोपू दे' म्हणून वाट पाहू नये.

गोळ्या अचानक बंद करणं हे दुसरं टोक. 'दोन वर्षं काही झालं नाही, आता कशाला?' असं आजी-आजोबाच नव्हे, कधी कधी आईवडीलही म्हणतात. लिथियम एकदम सोडल्यावर उन्माद लवकर उलटू शकतो. वजन वाढणं, हात थरथरणं, वारंवार लघवी, सुस्ती असा त्रास खरा असतो आणि मुलगा त्याबद्दल तक्रार करतो तेव्हा 'सहन कर' हे उत्तर नाही. "हे लिहून घे, पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवू, मात्रा बदलता येते का बघू" हे उत्तर आहे.

मुलगी असेल तर एक जास्तीची गोष्ट. व्हॅलप्रोएट हे औषध गरोदरपणात घेतल्यास बाळात जन्मजात व्यंगाचं प्रमाण सुमारे १० टक्के असतं आणि पुढे बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या मुलीला ते चालू असेल, तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. स्वतःहून बंद मात्र करू नये. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे आजार उलटण्याच्या दृष्टीने फार जोखमीचे असतात, तेव्हा माहेरी रात्री बाळाला कोण घेणार हे आधीच ठरवावं, म्हणजे तिला सलग झोप मिळेल.

जागरण, पदयात्रा आणि गाणगापूर

झोपमोड हा उन्मादाचा ओळखीचा मार्ग आहे, आणि आपले सण तर जागरणावर उभे आहेत. कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मग गणपती, लग्नाचे गोंधळ. मुलाला या सगळ्यातून काढून घरी बसवणं ही शिक्षा झाली. त्यापेक्षा थोडं अंतर चालून गाडीने परत येणं, किंवा सकाळी एसटीने दर्शनाला जाणं, असा मार्ग त्याच्याशी बोलून काढता येतो. उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ रोज एक ठेवणं यावर अमेरिकेत एलन फ्रँक यांनी बायपोलरसाठी एक अख्खी उपचारपद्धती उभी केली आहे. आपल्याकडे आजी जे सांगायची तेच, फक्त अभ्यास करून.

सोलापूरच्या अनेक घरांत डॉक्टरच्या आधी किंवा बरोबरीने गाणगापूरची वारी होते. 'बाहेरची बाधा' झालेल्यांना तिथे आरतीला आणण्याची प्रथा जुनी आहे. श्रद्धेने आईवडिलांना बळ मिळत असेल तर त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण अट दोनच गोष्टींची असावी. गोळी एक दिवसही चुकायची नाही, आणि कुणी मारहाण करणार असेल, बांधून ठेवणार असेल, उपाशी ठेवणार असेल, तर तिथून उठून यायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरखंडाने किंवा साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

'लग्न करून टाका, सुधारेल'

हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात आणि निस्तरायला कुणी येत नाही. लग्न हा उपचार नाही. लग्नसमारंभाची धावपळ, जागरण, नवीन घर, अपेक्षा, हे सगळं आजार उलटायला पुरेसं असतं. पण बायपोलर असलेल्यांनी लग्न करूच नये असंही नाही. आजार नियंत्रणात असताना, समोरच्या व्यक्तीला सगळं सांगून केलेली लग्नं टिकतात.

लपवून केलं तर काय? हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर ते लग्न रद्द ठरवण्याची मागणी करता येते. नुसत्या आजाराच्या नावावर मात्र घटस्फोट मिळत नाही. आजार इतका तीव्र असावा लागतो, की जोडीदाराने सोबत राहण्याची अपेक्षा करणंच रास्त ठरणार नाही. १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या स्किझोफ्रेनियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. कायद्यापेक्षाही व्यवहारातली अडचण मोठी आहे. सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागल्या, की त्या चुकतातच.

मोठ्या मुलावर आईवडिलांचा हक्क किती?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार प्रौढ रुग्णाची माहिती गोपनीय असते, त्यामुळे डॉक्टर कधी कधी आईवडिलांना सगळं सांगत नाहीत. त्याचा राग येतो. पण आईवडिलांनी डॉक्टरांना सांगायला काहीच आडकाठी नाही. चार ओळींची चिठ्ठी द्या: झोप किती, खर्च किती, बोलणं कसं. मुलापासून लपवून न देता त्याला दाखवून दिली तर आणखी चांगलं.

याच कायद्याने दोन उपयोगी गोष्टी दिल्या आहेत. बरा असताना मुलगा लेखी 'आगाऊ निर्देश' करून ठेवू शकतो, म्हणजे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. तातडीच्या उपचारांना मात्र तो लागू होत नाही. दुसरी म्हणजे 'नामनिर्देशित प्रतिनिधी'. हा मुलाने स्वतः निवडायचा असतो. तो आईला निवडेल, वडिलांना नाही, कदाचित बहिणीला किंवा मित्राला निवडेल. रुसू नये. ज्याचं तो आजारातही ऐकेल असा माणूस तिथे असणं सगळ्यांच्याच फायद्याचं.

संमतीशिवाय दाखल करण्याची वेळ आली, तर प्रतिनिधीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा माणूस स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तरच हे करता येतं, आणि पहिल्यांदा जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. सोलापुरात सरकारी उपचारांसाठी सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे मनोविकार विभाग आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, पण बायपोलरच्या बहुतेक रुग्णांना तिथे जाण्याची गरज पडत नाही.

शिवाय आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवावं, असं हाच कायदा सांगतो. आजार दीर्घकाळ काम करू देत नसेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मानसिक आजाराचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ते घ्यायचं की नाही हे मुलाने ठरवावं. काहींना त्याचा आधार वाटतो, काहींना शिक्का.

'आमच्या माघारी काय?'

साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा हा प्रश्न आहे, आणि रात्री झोप उडवतो. एकट्याने वाहिला तर तो आणखी जड होतो. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथे रुग्ण आणि कुटुंबीय एकमेकांना भेटतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते. सोलापुरात असा गट जवळ नसेल, तर सिव्हिलच्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईशी बोलणं ही सुरुवात होऊ शकते.

उत्तराचा उरलेला भाग रोजच्या कामांत आहे. आज आई गोळ्यांचा डबा भरते, तर पुढच्या महिन्यापासून तो भरेल आणि ती फक्त रविवारी पाहील. डॉक्टरांची वेळ तो घेईल. विजेचं बिल तो भरेल. एखादा महिना चुकेल, दंड बसेल, चालतं. मोठ्या रकमेच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागतील अशी सोय मात्र बरा असताना, त्याच्या संमतीने करून घ्यावी. भावंडांना आजार काय आहे, कोणती गोळी किती आहे हे आत्ताच सांगावं. आईबापांच्या तेराव्याला पहिल्यांदा कळलं, तर तेही गोंधळून जातात. घरात एक फाइल असावी: निदान, चालू औषधं आणि मात्रा, लिथियमचे जुने रिपोर्ट, कोणत्या औषधाने त्रास झाला होता, डॉक्टरांचा आणि प्रतिनिधीचा नंबर, धोक्याच्या चिन्हांचा तो कागद. फाइल कपाटात कुठे आहे, हे मुलाला आणि आणखी एका माणसाला माहीत असावं.